रबाळ्याच्या कारखान्यात अप्रेंटिस घेतले, माझा अनुभव

रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं युनिट, ३४ माणसं, आणि एचआर म्हणा अकाउंट्स म्हणा सगळं मीच बघते. कायमची तक्रार एकच, कामाला माणसं मिळत नाहीत. त्यात कळलं की ३० किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घ्यावेच लागतात, २.५ ते १५ टक्के, म्हणजे आमच्याकडे ५ पर्यंत. आयटीआय झालेले ४ घेतले, २ फिटर २ वेल्डर.

सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर कंपनीचं रजिस्ट्रेशन एका दुपारीत झालं पण काँट्रॅक्टना ३ आठवडे गेले, कारण एकाचं नाव आधारवर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं, दुसऱ्याचं खातं आधारशी लिंकच नाही. नॅप्स या सरकारच्या अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं, लिंक नसेल तर ते पैसे अडकतात. तेव्हा बँकेचं काम आधी उरकून घ्या, कळकळीने सांगतेय.

पण खरी परीक्षा नंतर होती. महिन्याभरात दोघं यायचे बंद झाले. मला वाटलं भिवंडीच्या गोडाऊनला पिकिंग-पॅकिंगचे जास्त मिळत असतील. फोन केला तर एकजण म्हणाला, "मॅडम, महिनाभर माल उचलला नि झाडू मारला, मशीनला हातपण लावू दिला नाही." फार लागलं मला ते, कारण खरं होतं.

मग मालकांच्या मागे लागून टूलरूमच्या काकांचा सकाळचा एक तास मुलांसाठी मोकळा करून घेतला, तेवढ्या वेळात त्यांना प्रॉडक्शनचं टार्गेट नाही. पहिल्याच दिवशी एकाने व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणावर, वाचलं २४.१७ मिलिमीटर. काका म्हणाले, "बाळा, सतरावी रेघ जुळली ना, मग एक रेघ कितीची?" तो म्हणाला ०.०२, थांबला, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "२४.३४!" त्या दिवशी ६ पीस त्याने स्वतः मोजून वहीत लिहिले, आणि जेवणाच्या सुट्टीत ती वही मला दाखवायला वर ऑफिसात आला.

फोनवर बोललेला मुलगापण परत आला. पुढच्या बॅचसाठी ठाण्याच्या आयटीआयमध्ये जायचंय, यावेळी काकांना सोबत घेऊन जाणार आहे.