पावसाळ्यातल्या अळ्या पडलेल्या जखमा

मुंबईत पाऊस सुरू झाला की कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरच्या दवाखान्यात अळ्या पडलेल्या जखमांची रांग लागते. दमट, उबदार हवेत माशीची अंडी दिवसभरात फुटतात. काल साधी वाटलेली कानामागची जखम आज आतून पोखरलेली असते.

आधी मुसकी बांधायची; दुखण्यामुळे गरीब कुत्राही चावतो. मग जखमेभोवतीचे दोन इंच केस काढायचे. बाहेर छोटंसं भोक दिसतं, आत मात्र कातडीखाली खिसे निघतात. टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटं ठेवला की अळ्या श्वासासाठी वर येतात. चिमट्याने एकेक उचलायची, ओढाताण न करता. तुटून आत राहिली की तिथे पू धरतो.

मांजराला टर्पेंटाइन अजिबात नको. सलाइनने धुवत काढायच्या, कितीही वेळ लागो. काही जण घरूनच जखमेवर फिनेल ओतून आणतात. मांजर ते चाटून दगावू शकतं.

काढलेल्या अळ्या मोरीत टाकू नका, उकळत्या पाण्यात टाका. जखम धुऊन फिक्या चहाच्या रंगाचं पातळ पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) लावायचं. टाके मात्र लगेच नाहीत, जखम उघडीच भरू द्यायची. आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कॉलीसारख्या कुत्र्यांच्या जातींना ते बाधू शकतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी हवीच, कारण सुटलेली अंडी तोवर फुटलेली असतात. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा खाणं सुटलं, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.