हातमोज्यांना गुलाल

२०२० चा एप्रिल. ऊसतोड कामगारांना गावी परतायची परवानगी नुकतीच मिळाली होती. बीड जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोरूनच त्यांचे ट्रक जाणार, तपासणी आमच्याच माथी. तालुक्यावरून एक प्रश्नपत्रिका आली: कर्मचाऱ्यांना कोरोना या नव्या आजाराची किती माहिती आहे ते बघा.

पेपर बहुतेकांना सोपा गेला. लक्षणं २ ते १४ दिवसांत दिसतात, खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरतो, सगळं बरोबर. टीव्हीवर दिवसभर दुसरं काही नव्हतंच. लक्षणं नसलेल्या माणसाकडून लागण होते का, इथं मात्र दोघं-तिघं अडखळले.

कागदावर माझा भरवसा नव्हता. शिपाईमामांकडे ऑक्टोबरच्या विधानसभेचा गुलाल उरलेला होता (आमच्याकडे गुलाल कधी संपत नाही). पीपीई किट मोजकीच, ती सरावात घालवणं परवडणारं नव्हतं. म्हणून प्रत्येकाला रेनकोट, साधा मास्क आणि हातमोजे दिले. हातमोज्यांना खोबरेल लावून वर गुलाल चोळला आणि म्हटलं, आता नेहमीसारखं पाच मिनिटं काम करा, मग सगळं उतरवा.

उतरवल्यावर आरसा फिरवला. पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेल्या सिस्टरांच्या कानामागे गुलाल, मंगळसूत्रावर गुलाल. लॅबवाल्याचा पेन गुलाबी, आणि त्याला पेनचं टोपण चावायची सवय. आरोग्यसेवक म्हणाले, "मॅडम, म्या तर कुठं हातच लावला नाही." त्यांचं नाक लाल. ओपीडीचं रजिस्टर आणि सगळ्यांचे मोबाईल तर विचारूच नका.

हसून हसून पोट दुखलं. मग सिस्टर मंगळसूत्र पुसता पुसता थांबल्या. "घरी नातू आहे हो. गेल्यागेल्या कडेवर येतो."

तिथून खरं बोलणं सुरू झालं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने लागण टाळायला सुचवलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची आठवड्याची गोळी घेतोय म्हणजे काही होणार नाही, असं निम्म्यांनी मनात धरलं होतं. पेपरात तो प्रश्नच नव्हता. ही समजूत मला गुलालापेक्षा जास्त घातक वाटली. पुढे जूनमध्ये इंग्लंडच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत दाखल रुग्णांना त्या औषधाचा फायदा दिसला नाही, पण त्या दिवशी मी एवढंच म्हणू शकले की गोळीच्या जिवावर मास्क ढिला सोडू नका.

संध्याकाळपर्यंत तोच सराव. आधी हातमोजे, मास्क सगळ्यात शेवटी, मधल्या प्रत्येक पायरीला हात स्वच्छ. दागिने, घड्याळ घरी. एकानं उतरवायचं, दुसऱ्यानं समोर उभं राहून मोठ्यानं पायऱ्या सांगायच्या.

दिवेलागणीला पहिला ट्रक आला. संसार, शेळ्या, पोरं, सगळं एकावर एक. आम्ही किट घालून पुढं झालो, तशी वरून एक म्हातारी घाबरून ओरडली, "आगं बया, डाक्टरीनबाई, तुमालाच झालाय का काय त्यो रोग?"