दारं किती?

आषाढ लागला की आमच्या शुक्रवार पेठेत ‘जेवलास का’च्या आधी ‘दारं किती?’ विचारतात. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला याचा अर्थ लागत नाही. माझ्या पुण्याच्या रूममेटला वाटलं होतं, आई घराच्या दारांना कुलपं लावलीस का ते विचारतेय. दारं म्हणजे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. एकूण सात. त्यांतले किती उघडले यावर टीव्ही माळ्यावर चढवायचा की नाही, ते ठरतं.

लहानपणापासून हा आकडा ऐकत आलो, पण ती दारं डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. यंदा जुलैच्या शेवटी घरी होतो. तीन दारं उघडल्याची बातमी आली आणि मामाला म्हटलं, चल. मामा म्हणाला, “पूर बघायला सगळं कोल्हापूर पंचगंगेवर जातंय, तू उलट्या दिशेनं चाललायस.” पण गाडीची किल्ली त्यानेच घेतली.

कोल्हापूरहून राधानगरी पन्नासेक किलोमीटर. हळदी, परिते मागे पडलं, उसाचे फड दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेले. भोगावती, जिच्यावर हे धरण आहे ती नदी, मध्येच दिसायची, मध्येच गायब व्हायची. एरवी नदी कुठे अडवलीय हे सांगणारे बंधारे पाण्याखाली होते, नुसती मधोमध एक उकळी फुटल्यासारखी दिसायची. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून घेतात, पाणी मोकळं जाऊ देतात आणि पाऊस सरला की पुन्हा बरगे घालून नदी अडवतात. मामाने शेतात राबायच्या दिवसांत बरगे घालण्याचं काम केलंय. तो विषय परित्यापासून राधानगरीपर्यंत पुरला.

फेजिवड्यापाशी पोचलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की वायपर असून नसल्यासारखे. धरणाच्या भिंतीवर जाऊ देत नाहीत, ते ठीकच आहे. खालच्या बाजूने जिथवर सोडतात तिथवर गेलो. आधी आवाज आला, मग धुकं वाटलं ते तुषार निघाले, आणि मग दिसलं. काळ्या दगडी भिंतीवरून तीन पांढरे पट्टे. तीन, पाच आणि सहा नंबर. बाकीचे चार मिटलेले. त्यांच्या तोंडाशी पाणी येऊन थांबलेलं असणार, ते खालून दिसत नव्हतं.

हे दरवाजे कुणी उघडत नाही, उघडतात ते आपले आपण. पाणी ३४७.५ फुटांवर गेलं की दाब मागच्या काँक्रीटच्या वजनाला भारी पडतो आणि दरवाजा उचलला जातो. पातळी उतरली की मिटतो. मोटर नाही, बटण नाही, वीज गेली तरी फरक पडत नाही. एका दाराचे १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. तीन दारांचे ४२८४, वर पायथ्याच्या वीजगृहातून जाणारे १५००. म्हणजे दर सेकंदाला दीड लाख लिटरहून जास्त पाणी माझ्या आईच्या दिशेने निघालेलं. हा हिशोब मी भिजलेल्या मोबाइलवर केला आणि मग उगाच केला असं वाटलं.

चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. मी म्हटलं, सातही दारं उघडली की काय होतं? ते म्हणाले, “काय हुतंय? आमी हितंच असतोय. तुमास्नी पळायला लागतंय.” मामा एवढा हसला की चहा सांडला.

खरं तर हे धरण पुरासाठी बांधलेलंच नाही. शाहू महाराजांना शेतीला पाणी हवं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी काम काढलं, गावाला मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं आणि तलावाला आपल्या राणीचं, लक्ष्मीबाईंचं. पैसा अपुरा पडला, काम रेंगाळलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा धरण अर्धवटच होतं. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात. साठा ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कोयनेच्या १०५ पुढे हा तांब्याच म्हणायचा.

आणि माझी गडबड इथेच झाली होती. इतकी वर्षं वाटायचं, दारं म्हणजे पुराचा नळ. तिथे उभं राहिल्यावर कळलं की दार उघडतं तेव्हा तलावात जागाच उरलेली नसते. वरून जेवढं येतं तेवढं खाली जातं, धरण नुसतं मध्ये उभं असतं. पूर अडवायचा तर आधीच, पाऊस कमी असताना, खालच्या सेवाद्वारातून, म्हणजे माणसाने उघडायच्या दारातून, पाणी सोडून पोट रिकामं ठेवायला हवं. पण जुलैत रिकामं केलं आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर उसाला काय पाजायचं? धरण सांभाळणाऱ्यांचा हा जुगार आहे, आणि दोन्हीकडून शिव्या त्यांनाच. त्या सेवाद्वाराचीही गंमत मामाने सांगितली. २०२१ च्या डिसेंबरात दुरुस्ती चालू असताना ते उघडं अडकलं आणि ऐन थंडीत भोगावतीला लोंढा आला. “आपसूक उघडणारी दारं कधी चुकत न्हाईत,” मामा म्हणाला, “माणसानं हात लावायचं दार तेवढं अडकलं.”

शिवाय भोगावती एकटी नाही. कासारी, कुंभी, तुळशी यांचं पाणी आणि धरणांच्या खाली पडणारा पाऊस, सगळं मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. त्या पावसाला कुठलंच दार नाही.

परत येताना मी फारसं बोललो नाही. आमच्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २०१९ ची, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच पाणी होतं तेव्हाची. तिच्यावर जवळजवळ वीतभर २०२१ ची, ५६ फूट ३ इंच. धोक्याची पातळी ४३. रंगकाम करताना आईने तेवढ्या पट्ट्याला ब्रश लावू दिला नाही.

हळदीच्या पुढे आलो तर तिचा फोन.

“बघितलीस? दारं किती?”

“तीन.”

“तू निघालास तवा तीन असतील. आता चार झाल्यात, गल्लीत सांगत होते.” मागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. “येताना मेणबत्त्या आण. आणि मामाला म्हणावं, जेवूनच जा.”