बाकी

गुरुवार, रात्र. पाऊस आहेच.

परवापासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. लिहून टाकते, निदान झोप तरी लागेल.

मंगळवारी इथे नेदरलँड्समध्ये, ऑफिसात, दहाच्या कॉफीला आमच्यातल्या लांबोड्याने ट्रे आणून ठेवला, माझा कप माझ्यापुढे सरकवला आणि हसत हसत म्हणाला, "गुरुवारी तुझा नंबर ना? की तुमच्याकडे कॉफी आपोआप येते?" सगळे हसले. मीही हसले. घोट मात्र घशाखाली उतरेना.

कारण तो खोटं बोलला नव्हता. आपोआपच येते की. पाच महिने येतेय.

इथे कॉफीला उठणारा माणूस आधी सगळ्यांकडे बघून विचारतो, "कॉफी?" बस, एवढंच. मग सहा भोकांचा तो प्लास्टिकचा ट्रे उचलून कॉरिडॉरच्या टोकाला मशीनपाशी जातो. सुरुवातीला मी "नको नको" म्हणायचे. म्हणजे आपलं ते पहिलं नको, ज्याला काडीचा अर्थ नसतो. त्यावर समोरच्याने "अगं घे गं, घोटभर" म्हणायचं असतं. इथे नको म्हणजे नको, दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. दोन आठवडे कोरडी बसले आणि घरी येऊन रडले, की मला वगळतात. मग आलं लक्षात. "या, ग्राख!", म्हणजे डचमध्ये "हो, चालेल की!", असं खणखणीत म्हणायला शिकले आणि स्वतःवरच खूश झाले. हो म्हणायला शिकले तेवढं. उठायला नाही.

पण हे कोणी सांगायला नको? पहिल्या दिवशी आग लागली तर कुठल्या जिन्याने पळायचं ते दाखवलं, सायकल कुठे लावायची ते दाखवलं. ट्रे नाही दाखवला. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, नवी भाषा शिकत बसलेल्या बाईला एक शब्द सांगायला काय जात होतं? मंगळवारी रात्री मी स्वतःची भरपूर कीव केली. मनूने ऐकून घेतलं आणि तो झोपला. त्याच्या ऑफिसात काय चालतं ते मी विचारलंही नाही.

खरं टोचतंय ते वेगळंच. मी फुकटी नाही हो! पुण्यात अमृततुल्यसमोर "आज मी देते" म्हणून किती वेळा भांडलेय. पैशांचा प्रश्न असता तर एकदाही मागे राहिले नसते. इथल्या मशीनला नाणं लागत नाही, म्हणून मी धरून चालले की हिशोबच नाही. हिशोब होता, पायांचा होता. आणि पाय... तिकडच्या ऑफिसात काका आणायचे. अकराला आणि चारला, स्टीलच्या ट्रेमधून. पाच वर्षं. त्यांचं आडनाव... जाऊ दे.

काल घरूनच काम होतं. दहाला पलीकडच्या आजींकडे गेले. पाकिटावर 1753 छापलेली ती डाउवे एग्बर्ट्सची कॉफी, फिल्टर यंत्राची घरघर, कपाबरोबर एक बिस्किट, आणि डब्याचं झाकण बंद. दुसऱ्या डब्यात त्यांनी कॉफीच्या पाकिटांवरचे पॉइंट्स कात्रीने कापून जपून ठेवलेत. त्यावर चमचे मिळवलेत म्हणे! म्हणजे हा देशच सगळा मोजून पितो. माझी कथा ऐकून त्या म्हणाल्या, "मग आण ना." झालं. सांत्वन एवढंच. आणि हे लोक कपभर कॉफीला 'सांत्वनाचा कप' म्हणतात.

प्रेमाने त्या कपाला 'बाकी' म्हणतात. खरंच. छोटा कप तो 'बाकी'. "बाकी?" असं कोणी विचारलं की इतके दिवस मला गंमत वाटायची. काल रात्री कागद घेऊन बसले. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला दोन कप, वीस आठवडे: 120 कप. आम्ही सहाजण, म्हणजे माझ्या वाट्याला 20 खेपा. पहिले दोन आठवडे मी नको म्हणत होते, ते वजा. 108 कप, 18 खेपा. आणलेल्या खेपा: शून्य.

बाबांना फोन केला तर त्यांचं भलतंच. "गो, कॉफीची रोपां मलबारातसून जावा बेटार नेली ती ह्या डचांनीच, 1696 साली. आणि आपल्या वेंगुर्ल्यात वखार घालून बसले होते, तेव्हा ट्रे कोण उचली होतो ता इचार त्येंका." मला हसू आलं. विचारणार कुणाला, लांबोड्याला?

तर आज. पावणेदहालाच उठले, कोणी उठायच्या आत. "कॉफी?" म्हटलं. आवाज चिरकला. दोन काळ्या, एक दुधाची, एक दूध-साखरेची, चष्मेवालीला नुसतं गरम पाणी. हातावर लिहून घेतलं. माझी 'फरकेर्ट', म्हणजे शब्दशः 'चुकीची' कॉफी, कारण कॉफी जास्त आणि दूध कमी हा इथला नियम ती उलटा करते. आमच्या घरात जन्मभर चुकीचीच प्यायली जाते.

सहा कप भरेपर्यंत मशीनने थुंकत, खोकत जीव काढला. मग ते काचेचं दार. कार्ड गळ्यात, दोन्ही हात ट्रेला. गुडघे वाकवून छाती दाराच्या कार्डयंत्रापर्यंत नेली, पट्टा हेलकावला, दार उघडलं आणि ट्रे कलला. माझ्या कपातलं दूध शेजारच्या काळ्या कॉफीत निवांत उतरलं. पुसायला तिसरा हात नव्हता.

तो कप अर्थातच लांबोड्याचा. त्याने आत पाहिलं. "ही काळी नाही," म्हणाला. मग घोट घेतला, तोंड वाकडं केलं, "फरकेर्ट!" म्हणाला आणि सगळी प्यायला. बाकीच्यांनी वर पाहिलंही नाही. मंगळवारचं वाक्य तो बहुतेक त्याच दिवशी विसरला होता.

अडीचला मी अर्धवट उठलेच होते, तेवढ्यात चष्मेवालीच्या हातात ट्रे. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाकी?"

"सतरा," मी पुटपुटले. आणि मग मोठ्याने, "या, ग्राख."