जामीन झाला, मुलगा मात्र आतच

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाचा विषय निघाला की लोक आधी मारहाणीबद्दल विचारतात. विचारायलाच हवं. पण अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे, मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाची वकील म्हणून उभी राहताना मला सगळ्यात जास्त संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जामीन मंजूर झालेली मुलं आत पडून राहतात.

गेल्या हंगामातला एक मुलगा, सोळा वर्षांचा. नाव लिहीत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने तशी मनाईच आहे आणि ती योग्य आहे. आरोप मोबाईल चोरीचा. पहिल्याच तारखेला जामीन झाला, अट एकच: पालकांनी जामीनदार घेऊन हजर व्हावं. आईबाप ऊसतोडीला, चार जिल्हे पलीकडे. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, डोक्यावर; उसाचा फड सोडला की खाडा, मजुरी कापली जाते. मी फोन केला तर बाप म्हणाला, "मॅडम, पोरगं तिथं दोन टाइम जेवतंय ना? मग पट्टा पडल्यावर येतो." म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर. त्या माणसाला दोष कसा देऊ?

मुलगा संस्थेचा ढगळ शर्ट घालून समोर बसायचा, वरची दोन बटणं तुटलेली, गळ्यापाशी कापड मुठीत धरलेलं. दर वेळी एकच प्रश्न, "माझी तारीख पडली का?" जामीन झालाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रजिस्टरात 'जामीन' असा शेरा होता, पुढचा रकाना कोरा. तोवर दहावीचा फॉर्म भरायचा राहून गेला.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ स्पष्ट आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडता येतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे अशा मुलांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, देखरेखीखाली सोडता येतं. नाकारायचं तर ठरावीकच कारणं, तीही लेखी. आणि जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण झाली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचंच. हे सात दिवस मोजणार कोण? परिविक्षा अधिकाऱ्याकडे तालुकेच्या तालुके, निरीक्षणगृहाचे अधीक्षक म्हणतात ते काम कोर्टाचं, आणि आम्हा वकिलांपैकी कितीतरी जण जामीन झाला की फाईल मिटतात.

१९८६ साली शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका, असं बजावलं होतं. जिने इतका लढा दिला, त्या पत्रकार बाईचं नाव आमच्या तरुण वकिलांना माहीतही नसतं, याचं वाईट वाटतं.

त्या मुलासाठी शेवटी एक पानी अर्ज केला. जामीनदाराची अट काढा, गावातली मावशी हमीपत्र द्यायला तयार आहे. मंडळाने त्याच दिवशी मान्य केला. मावशी दुपारच्या एसटीने त्याला घेऊन गेली.

आता मी दर सोमवारी संस्थेकडून 'जामीन झाला, पण सुटका नाही' अशा मुलांची यादी मागते. दुसऱ्या जिल्ह्यात कुणी हे काम करत असेल तर अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, हवा असल्यास कळवा.