मुल्हेर कुठून लांब?

पाऊस ओसरला की नाशिककरांच्या अंगात डोंगर येतो. निम्मे त्र्यंबक-अंजनेरीला जातात, उरलेले भंडारदऱ्याला, आणि सगळे मिळून ट्रॅफिकमध्ये अडकतात. आम्ही तेव्हा गाडी उत्तरेला काढतो, दिंडोरी, वणी, नांदुरी, कळवण, सटाणा आणि पुढे ताहाराबादवरून डोंगराखालचं मुल्हेर गाव. दसरा ते कोजागिरी हा आमचा फिक्स सीझन. सोबत मेहुणा असतो, त्याला गड-किल्ल्यांचं काही नाही, तो सटाण्याच्या डाळिंबांसाठी येतो.

दिंडोरीपर्यंत रंग असा काही नाही, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चाललेली असते, नुसते तपकिरी खुंट आणि औषधाचा वास. पुढे कांद्याची रोपं, वाळलेला मका, मधेच कांदाचाळी, हे सगळं सवयीचं. ताहाराबाद सोडलं की मात्र मोसम नदीचं खोरं उघडतं आणि गाडीतली बडबड आपोआप कमी होते. साल्हेर किल्ल्याच्या अंगाला गेलं की उतारावर खुरासणी म्हणजे कारळं फुललेलं असतं, पिवळंधमक, त्याच्या शेजारी नागलीचा (नाचणीचा) तांबूसपणा, वर सोनकीची रानफुलं आणि त्याच्याही वर काळा कातळ. "दाजी, फिल्टर मारायची गरजच नाही," मेहुणा म्हणतो आणि मारतोच.

या खोऱ्यात पूर्वी रंगसुद्धा ठरवून असायचे असं म्हणायला हरकत नाही. मोसमवर, आरमवर आणि तिकडे धुळ्यात पांझरेवर फडाची पद्धत होती, 300 वर्षांहून जुनी. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठाले फड पाडलेले, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं म्हणजे पाणी सगळ्यांना एकाच हिशोबाने देता येतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाळी मोडली तर गाव बघून घ्यायचं. म्हणजे डोंगरावरून बघणाऱ्याला सलग हिरवा, मग सलग पिवळा असं दिसत असणार. आता वर हरणबारी धरण झालंय, विहिरी, मोटारी आल्या, ज्याला जे परवडतं ते तो लावतो, त्यामुळे खाली गोधडी दिसते. वाईट काही नाही त्यात, डाळिंबाने इथल्या कित्येक घरांवर स्लॅब टाकलाय.

मुल्हेरला चहा घेताना ओट्यावरच्या एका बाबांनी अहिराणीत विचारलं, "कथाईन उनात?" म्हणजे कुठून आलात. नाशिकहून म्हटल्यावर ते म्हणाले, "लई लांब शे." मेहुणा हसला, कारण सकाळपासून तो हेच मुल्हेरबद्दल म्हणत होता. बाबांचं सगळं काम सटाण्याला होतं, मुलगा सुरतेला, नाशिकला ते फक्त कोर्टाच्या कामाला येऊन गेलेले, आणि ते केस हरल्यामुळे नाशिकबद्दल त्यांचं मत फार चांगलं नव्हतं.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की आडबाजूला गाव नसतं, रस्ता सरकतो. सुरतेच्या बंदरातला माल दख्खनेत जायचा तो या बागलाणातूनही. मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी, त्यांच्यावरूनच या मुलखाला बागलाण म्हणायला लागले, आणि इथे टांकसाळ होती, महमुदी नावाचं चांदीचं नाणं इथे पडायचं. जिथे नाणं पडतं ते गाव दुर्गम कसं असेल? 1638 मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो दख्खनचा सुभेदार होता, बागलाण घेतलं ते काय सोनकी बघायला नव्हे. 1672 मध्ये साल्हेरच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना उघड्या मैदानावर झोडपलं, सूर्याजी काकडे तिथेच पडले. एवढी माणसं एवढ्या कडेला येऊन लढली कारण ही कड नव्हतीच, नाका होता.

मग बंदर बदललं, रेल्वे मनमाडवरून गेली, हायवे मालेगाववरून, आणि मुल्हेर तिथल्या तिथे लांब झालं. गावाला त्याचं फार दुःख असावं असं वाटत नाही. कोजागिरीला इथल्या संत उद्धव महाराजांच्या समाधीपाशी रास होते, भलं मोठं चक्र चढवतात आणि रात्रभर पदं चालतात. आपण नाशिकला गच्चीवर मसाला दूध पिऊन साडेबाराला झोपतो, ते सोडा.

आता 2025 मध्ये साल्हेर युनेस्कोच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमधला एक. 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाचं देऊळ, तिथूनच बाण मारून त्याने समुद्र हटवला म्हणतात. त्यामुळे आता वीकेंडला पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसायला लागल्यात आणि आमच्यासारखे जुने येणारे लगेच कुरकुरतात की आता इथली मजा गेली. मीही थोडा कुरकुरलो. पण बाबांना विचारलं तर त्यांना गर्दीचं काहीच नव्हतं, उलट त्यांचं म्हणणं की या पोरांनी चढायच्या आधी इथे जेवण सांगून जावं, भाकरी आयत्या वेळी होत नाही, आणि गाड्या खळ्यात लावू नयेत. आमची गाडी नेमकी कुठे लागलीय हे बघायला मेहुणा तेवढ्यात उठला होता.