एका आकड्याची चूक आणि फॉर्मची मागची बाजू

दिवाळीच्या तोंडावर एका वृत्तपत्राच्या पुरवणीत आमच्या फराळाची जाहिरात प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात मोबाइल क्रमांकाचा शेवटचा आकडा ७ ऐवजी १ छापला गेला. दादरला दोन खोल्यांत वहिनी आणि मी हा व्यवसाय करतो. दुपारपर्यंत एकही फोन आला नाही, तेव्हा वहिनींनी अंक हातात घेऊन आकडा न् आकडा वाचला.

जिच्यामार्फत जाहिरात दिली होती, त्या एजन्सीने पुढच्या रविवारी ती विनामूल्य छापून देण्याची तयारी दाखवली. परंतु तोवर भाऊबीज होऊन गेलेली असणार होती, आणि त्यानंतर चकलीची ऑर्डर कोण देतो?

बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत दोन अटी होत्या. चूक झाल्यास जबाबदारी जाहिरातीच्या रकमेपुरतीच, आणि सात दिवसांत तक्रार न केल्यास हक्क संपुष्टात. दुसरी अट, ठरावीक मुदतीनंतर हक्क संपवणाऱ्या अटी निरर्थक ठरवणाऱ्या भारतीय करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकणे कठीण, तरी मी त्याच दिवशी ईमेल केला. पहिली मात्र जड जाते, कारण सही माझीच होती. १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुरियरच्या सही केलेल्या पावतीवरील शंभर डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली होती. आमच्या बाजूने एवढेच, की व्हॉट्सॲपवर मी मंजूर केलेल्या प्रुफात, म्हणजे छपाईपूर्वीच्या नमुन्यात, क्रमांक बरोबर होता. चुकीच्याच प्रुफाला होकार दिला असता, तर बोलायला जागा उरली नसती.

त्याच करार कायद्याच्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारी, किंवा करार करतानाच दोन्ही पक्षांना ठाऊक असलेली हानी मागता येते. दूरची, अप्रत्यक्ष हानी नव्हे. जाहिरात दिवाळीच्या ऑर्डरसाठी आहे असे मी बुकिंगच्या वेळी लेखी कळवले होते, ते इथे उपयोगी पडले. पण बुडालेल्या ऑर्डर सिद्ध कशा करायच्या? चुकीच्या क्रमांकावर मी स्वतःच फोन केला, तर डोंबिवलीचे एक त्रासलेले गृहस्थ भेटले. दोन दिवसांत त्यांना ४३ फोन आले होते, आणि त्यांनी सगळी यादी पाठवून दिली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही, मात्र केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट देतो, तीही शब्दशः वस्तूंच्या खरेदीपुरती. जाहिरातीसारख्या सेवेलाही ती लागू धरली गेली असती, तर आम्हांला राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता आले असते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही नाही. मोठ्या पेढीला दिवाणी दावाच लावावा लागतो. त्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे.

आम्ही आयोगापर्यंत गेलो नाही. यादीसह नोटीस पोहोचल्यावर एजन्सीने जाहिरातीची पूर्ण रक्कम आणि वर थोडी भरपाई दिली. प्रत्येक फोन म्हणजे ऑर्डर नव्हे, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे होते. ते मला अगदीच चुकीचे वाटले नाही, कारण आमच्याकडे फोन करणाऱ्यांतले निम्मे जण नुसता अनारशांचा भाव विचारून ठेवून देतात.